घराबाहेरची पहिली रात्र

दिवाळीची सुटी संपून थंडी पडूं लागली, कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ शाळांचीं, बालवीर-पथकांचीं आणि मुलांच्या संस्थांचीं शिबिरें सुरू होतात. एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशीं, नदीकांठच्या शाळेंत किंवा डोंगरांतल्या धर्मशाळेंत मुलें एक-दोन रात्री मुक्काम करतात, शेकोटीभोवतीं गाणीं म्हणतात आणि घरीं परततात. सात-आठ वर्षांचें मूल जेव्हां अशा शिबिरास प्रथमच निघतें, तेव्हां घरांत तयारीची एकच धांदल उडते. नवी पिशवी येते, स्वेटर शोधला जातो, डब्यांत लाडू-चकल्या भरल्या जातात. ही सारी तयारी दिवसाची असते. वास्तविक दिवसाची फारशी काळजी करण्याचें कारण नसतें. खेळ, चढण आणि भूक यांनीं शिबिरांतला दिवस इतका भरलेला असतो, कीं घराची आठवण काढावयास मुलाला सवड मिळत नाहीं. खरी कसोटी लागते ती रात्रीं, दिवा मालवल्यापासून झोंप लागेपर्यंतच्या अर्ध्या तासांत. शेजारीं आई नसते, छत ओळखीचें नसतें, बाहेर कोणत्या पाखराचा आवाज आला तें कळत नाहीं, आणि करावयास कांहींच उरलेलें नसतें. त्या अर्ध्या तासाची तयारी ज्या घरानें केली, त्यानें सर्व तयारी केली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मुलांच्या शिबिराची आजची पद्धत बऱ्याच अंशीं बालवीर चळवळीनें रूढ केली. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारें २० मुलग्यांना घेऊन पहिलें प्रायोगिक शिबिर भरविलें. थोरल्या भावांचें पाहून धाकटेहि हट्ट धरूं लागले, तेव्हां १९१६ सालीं लहान मुलांची निराळी शाखा निघाली आणि तिच्या खेळांसाठीं रड्यार्ड किप्लिंग याच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधील लांडग्यांच्या कळपाची कल्पना घेण्यांत आली. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेंतहि पांच ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठीं 'कब' आणि मुलींसाठीं 'बुलबुल' अशा शाखा आहेत.

ज्या लेखकाच्या गोष्टींवर लहान मुलांचे हे खेळ रचले गेले, त्याचें स्वतःचें बालपण या विषयाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. किप्लिंगचा जन्म १८६५ सालीं मुंबईंत झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होते. भारतांतील इंग्रज कुटुंबांत मुलांना शिक्षणासाठीं विलायतेस ठेवण्याची त्या वेळीं चाल होती. तिला अनुसरून १८७१ सालीं, वयाचीं सहा वर्षेंहि पुरीं झालेलीं नसतां, त्याला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला साउथसी येथील एका अनोळखी कुटुंबांत ठेवून आई-बाप भारतांत परतले. आपल्याला येथें ठेवून तीं जाणार आहेत, याची कसलीहि पूर्वकल्पना मुलांना दिलेली नव्हती. तेथें त्या मुलानें पांच वर्षांहून अधिक काळ काढला. त्या दिवसांचें दुःख त्यानें प्रथम १८८८ सालीं एका कथेंत मांडलें, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांतहि तें पुन्हां उमटलें. मुंबईंतलें सुखाचें घर एका दिवसांत कां नाहींसें झालें, हें त्या वयांत त्याला कोणी समजावून सांगितलें नव्हतें.

पांच वर्षांचा वियोग आणि एका रात्रीचें शिबिर यांची तुलना होऊं शकत नाहीं, हें उघड आहे. परंतु मुलाच्या मनाला जी जखम होते, तिचें मूळ दोन्ही ठिकाणीं एकच असूं शकतें. दूर जावें लागलें याचें दुःख निराळें. आपल्याला फसवून दूर ठेवलें याचें दुःख निराळें. पहिलें दुःख मूल पचवूं शकतें. दुसऱ्यानें घरावरचा त्याचा विश्वास डळमळतो.

घराच्या या ओढीकडे वैद्यकशास्त्राचेंहि लक्ष फार पूर्वीं गेलेलें आहे. बाझल येथील योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें १६८८ सालीं आपल्या प्रबंधांत, परक्या मुलखांत राहून खंगणाऱ्या स्विस लोकांच्या अवस्थेला 'नॉस्टॅल्जिया' हें नांव दिलें. 'घरीं परतणें' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यानें तें बनविलें होतें, आणि ती अवस्था हा त्यानें रोगच मानला होता. आज तिला कोणी रोग म्हणत नाहीं. अमेरिकेंतील ख्रिस्तोफर थर्बर व एडवर्ड वॉल्टन यांनीं तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकांत २००७ सालीं या विषयावर एक विस्तृत लेख लिहिला. घरापासून दूर गेलेल्या बहुतेक मुलांना कमी-अधिक प्रमाणांत घरची आठवण छळतेच, तें स्वाभाविक आहे, आणि आधीं नीट तयारी केल्यास तिचा जोर पुष्कळ कमी होतो, असा त्याचा सारांश आहे. मराठींत या अवस्थेला 'करमत नाहीं' असा साधा शब्दप्रयोग आहे, आणि तो अधिक समंजस आहे. ज्याला करमत नाहीं त्याला औषध नको असतें. सोबत आणि थोडा वेळ हवा असतो.

पूर्वीं या शिक्षणाची निराळी सोय करावी लागत नसे. मे महिन्याच्या सुटींत मुलें आजोळीं जात. आजीच्या घरीं दहा-बारा भावंडें एका ओळींत अंथरुणें घालून निजत. कोणी रात्रीं रडलें, तर शेजारचें मोठें भावंड त्याला थोपटी. घराबाहेरहि झोंप येते आणि सकाळ झाली म्हणजे सर्व कांहीं जागच्या जागीं असतें, हा अनुभव मुलाला नकळत मिळे. त्याहून जुना संस्कार मुंजीचा. बटूनें गुरुगृहीं जावयाचें, म्हणून मुंज लागण्यापूर्वीं आई त्याला आपल्या ताटांत घेऊन जेवते. या विधीला मातृभोजन म्हणतात. गुरुगृहीं जाणें आतां उरलें नाहीं, परंतु ज्या घरांत मुंज होते, तेथें हा विधि अद्याप टिकून आहे. त्यांतील शहाणपण ध्यानांत घेण्याजोगें आहे. मुलानें दूर जावयाचें आहे ही गोष्ट तेथें लपविलेली नाहीं. ती चारचौघांसमक्ष, गोडाच्या जेवणासह आणि आईच्या साक्षीनें जाहीर केलेली आहे.

आज अनेक घरांत एकच मूल असतें, आजोळ दुसऱ्या शहरांत चौथ्या मजल्यावर असतें, आणि तेथेंहि आई बरोबर असतेच. तेव्हां जें पूर्वीं आपोआप होई, तें आतां जाणून-बुजून करावयास हवें. शिबिराच्या दीड-दोन महिने आधीं मुलाला एक रात्र मामाकडे, आत्याकडे किंवा विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे आई-वडिलांवांचून राहूं द्यावें. तेथें त्यानें आपलें अंथरूण आपण घालावें, दांत आपण घांसावे, रात्रीं तहान लागली तर कोणाला हांक मारावी हें त्याला ठाऊक असावें. सकाळीं परत आल्यावर 'तुला बरें वाटलें ना?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'झोंप येईपर्यंत काय केलेंस?' असें विचारावें. मूल जें उत्तर देईल, तेंच शिबिरांत त्याच्या उपयोगी पडणारें साधन असतें. एखादें मूल मनांत पाढे म्हणतें, एखादें दिवसभराच्या खेळांची उजळणी करतें, एखादें नुसतें पांघरूण डोक्यावरून घेतें. साधन कोणतेंहि असो, तें त्याचें त्याला सांपडलेलें असावें.

यापुढचा भाग बोलण्याचा आहे, आणि येथेंच प्रेमळ आई-बापांचें पाऊल अधिक घसरतें. 'तुला आमची आठवणसुद्धां येणार नाहीं, बघ!' असें हंसत-हंसत सांगण्यांत येतें. मग रात्रीं आठवण आली, म्हणजे मुलाला वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें. इतर सर्व मुलें शूर आहेत, आपण तेवढे भित्रे. त्याऐवजीं खरें तेंच सांगावें: आठवण येईल, कदाचित् रडूंहि येईल, शेजारच्या मुलालाहि येत असेल, आठवण लाटेसारखी येते आणि जाते, फारच झालें तर गुरुजींना किंवा बाईंना उठवावयाचें. एवढें ज्याला आधीं माहीत असतें, तें मूल आठवणीला घाबरत नाहीं. 'तूं गेल्यावर आम्हांला घर खायला उठेल' हें वाक्यहि टाळावें. आईच्या एकटेपणाचें ओझें सात वर्षांच्या मुलाच्या पिशवींत घालणें बरें नव्हे.

सर्वांत मोठा घात करणारें वचन तिसरेंच आहे. 'रडूं आलें तर फोन कर, आम्हीं लगेच येऊन नेऊं', असें पुष्कळ घरीं मुलाच्या कानांत सांगितलें जातें. वर उल्लेखिलेल्या लेखांत या वचनाविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे, आणि त्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. या वचनांत मुलाला दोन गोष्टी ऐकूं येतात: एक, तुला हें जमेल असें आम्हांला वाटत नाहीं, आणि दुसरी, आठवणीवर घरीं परतणें हा एकच उपाय आहे. त्यामुळें दिवा मालवतांच मूल झोंपेची वाट न पाहतां सुटकेची वाट पाहूं लागतें. आई-बाप आले नाहींत, तर वचन मोडलें. आले, तर मुलाचा स्वतःवरचा भरंवसा गेला.

याचा अर्थ मुलाला वाऱ्यावर सोडावें असा मुळींच नाहीं. आठवण आणि संकट यांतला भेद मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितलेला असला पाहिजे. ताप आला, पडून लागलें, कोणी मारलें, किंवा कोणी अंगाला नको तसा स्पर्श केला व तो गुप्त ठेवण्यास सांगितलें, तर तें तत्काळ सांगावयाचें. मग कोणतीहि वेळ असो, घरचें माणूस येईल, आणि सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाहीं. असल्या अपराधांपासून मुलांचें रक्षण करण्यासाठीं भारतांत २०१२ सालचा स्वतंत्र कायदा आहे, आणि मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक आहे. आपलें शरीर आपलें आहे आणि नको त्या गोष्टीला मोठ्या माणसालाहि 'नको' म्हणतां येतें, हें शिबिरास निघण्याच्या आदल्या दिवशीं घाईनें सांगण्यासारखें नाहीं. तें एरवींच, आंघोळीच्या किंवा गोष्टींच्या वेळीं, साध्या आवाजांत सांगत राहावें.

मुलाशीं बोलावयाचें, तसेंच शिबिर चालविणाऱ्यांशींहि बोलावयाचें असतें. मुलें निजतात तेथें रात्रीं कोणतीं मोठीं माणसें असतात, तीं एकाहून अधिक असतात कीं नाहीं, मुलींच्या निजण्याची व्यवस्था कशी आहे, जवळचें रुग्णालय किती अंतरावर आहे, वाहन रात्रभर जागेवर असतें कीं नाहीं, हे प्रश्न विचारण्यांत संकोच बाळगूं नये. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाहीं. दम्याचें किंवा दुसरें कोणतें औषध चालू असल्यास तें नांव, मात्रा आणि वेळ लिहून शिक्षकांच्या हातीं द्यावें. भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं सातारा येथें काढलेल्या वसतिगृहाच्या इतिहासांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें नांव आदरानें घेतलें जातें, तें मुलांच्या अन्नासाठीं अंगावरचे दागिने देणाऱ्या आणि घर सोडून आलेल्या मुलांची आई होऊन राहिलेल्या म्हणून. शिबिर एका रात्रीचें असलें तरी आईच्या जागीं कोणी तरी उभें असावें लागतें; तें माणूस कोण, हें मुलाला निघण्यापूर्वींच चेहऱ्यानें ठाऊक असावें.

पिशवी मुलानेंच भरावी. आईनें यादी सांगावी आणि मुलानें एकेक वस्तु आणून ठेवावी. म्हणजे अंधारांत हात घातला तरी विजेरी कोठें आणि मोजे कोठें, हें त्याला कळतें. विजेरी नवी असल्यास चार दिवस आधीं घरांतले दिवे मालवून तिच्या उजेडांत न्हाणीघरापर्यंत जाऊन येण्याचा खेळ खेळावा. अंथरुणासाठीं नवें पांघरूण विकत घेण्यापेक्षां घरची गोधडी द्यावी. आईच्या व आजीच्या जुन्या लुगड्यांची ती शिवलेली असते. तिला घराचा वास असतो. इंग्लंडांतील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीं १९५१ सालीं वाचलेल्या एका निबंधांत, लहान मूल एखादें फडकें किंवा बाहुली छातीशीं धरून आईच्या दूर असण्याचा काळ कसा सोसतें, याचें विवेचन केलें आहे. ज्या घरांत गोधडी आहे, तेथील मुलाला तो निबंध न वाचतांहि पटेल. सात वर्षांचें मूल जुनी चिंधी बरोबर नेऊं म्हणालें, तर त्याला हंसूं नये. ती उशीच्या अभ्र्यांत कोणाला न दिसेल अशी ठेवून द्यावी.

अंथरुणांतल्या लघवीची भीति हा मुलांच्या मनांतला फार मोठा आणि फार गुप्त विषय असतो. पांच वर्षांच्या १०० मुलांपैकीं सुमारें १५ मुलें रात्रीं अंथरूण ओलें करतात, आणि शाळेंत जाऊं लागल्यावरहि कांहींची ही संवय सुटलेली नसते. हा मुलाचा दोष नव्हे. शिक्षकांना एकांतांत सांगून ठेवावें, निजण्यापूर्वीं व मध्यंतरीं एकदां उठविण्याची विनंती करावी, आणि निराळ्या लहान पिशवींत कोरड्या चड्ड्या द्याव्या. मुलालाहि सांगावें, कीं झालेंच तर अमुक बाईंना हळूच सांगावयाचें; त्या कोणासमोर बोलणार नाहींत. पुष्कळ मुलांचें रात्रीचें रडणें आईसाठीं नसतें, तें या भीतीचें असतें.

रात्रीच्या भीतींत एक भीति खरी आहे, आणि तिच्याविषयीं शिस्तच हवी. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्रीं हिंडतो. जमिनीवर निजलेल्या माणसांना त्याचा दंश झाल्याचे प्रकार भारतांत घडतात, आणि दंशाची वेदना फारशी होत नसल्यानें कधीं कधीं तो कळतहि नाहीं. म्हणून शक्य तेथें खाटेवर, नाहीं तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचून निजावें, रात्रीं विजेरीवांचून व अनवाणी पाऊल टाकूं नये, आणि सकाळीं बूट उलटा करून झटकल्यावांचून पायांत घालूं नये. हीं तीन कृत्यें घरींच आठवडाभर रोज करवून घ्यावीं. सापाच्या गोष्टी सांगून मुलाला घाबरविण्याची गरज नाहीं. दांत घांसण्यासारखी ती एक रीत म्हणून अंगवळणीं पडली म्हणजे पुरें.

एक रात्र म्हणजे किती, हें लहान मुलाला घड्याळावरून कळत नाहीं. त्याला तें जेवणांवरून सांगावें: संध्याकाळचें जेवण, मग शेकोटी, मग झोंप, मग सकाळचे पोहे, मग दुपारचें जेवण, आणि मग फाटकापाशीं बाबा. असें मोजलें म्हणजे रात्र आटोक्यांत येते. पिशवींत चार ओळींची एक चिठ्ठी घालावी. तींत विरहाचें कांहीं नसावें, उद्यां परत आल्यावर घरीं काय शिजणार आहे तें असावें. झोंपेच्या वेळचा फोन मात्र टाळावा. नुकत्याच निवलेल्या मुलाला आईचा आवाज पुन्हां जागें करतो, आणि बहुधा तो फोन मुलाला नव्हे, आईलाच हवा असतो.

निघण्याच्या वेळीं निरोप थोडक्यांत घ्यावा, पण घ्यावाच. मूल खेळांत रमलेलें पाहून मागच्या दारानें निघून जाणें सोपें असतें; परंतु मूल वळून पाहतें तेव्हां जागा रिकामी दिसते, आणि तेथून पुढें तें प्रत्येक वेळीं वळून पाहूं लागतें. डोळ्यांसमोर 'येतों' म्हणून, ठरलेली वेळ पुन्हां एकदां सांगून, आई-बापांनीं पाठ फिरवावी. मूल रडलें तरी शिक्षकांच्या हातीं देऊन निघावें. आणि दुसऱ्या दिवशीं ती वेळ काटेकोरपणें पाळावी. चारला येतों म्हणून सांगितलें असेल, तर पावणेचारलाच फाटकापाशीं उभें असावें. पुढील सर्व निरोपांचें बळ त्या पंधरा मिनिटांवर अवलंबून असतें.

क्वचित् असेंहि होतें, कीं सर्व करूनहि मूल मध्यरात्रीं परत आणावें लागतें. त्याबद्दल त्याला नांवें ठेवूं नयेत, पाहुण्यांसमोर ती कथा सांगून हंसूं नये. पुन्हां एकदां मामाचें घर, पुन्हां एकदां आत्याचें घर, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां शिबिर, असा क्रम धरावा. जें मूल रात्रभर राहिलें, तेंहि बहुधा धुराच्या वासानें भरलेलें, अर्धवट झोंपेंत, थोडेंसें चिडखोर होऊन परततें. त्याला आधीं ऊन पाण्यानें आंघोळ, भात आणि झोंप द्यावी. 'रडलास का?' हा प्रश्न विचारूं नये. संध्याकाळीं गोधडी उन्हांतून आंत आणून घडी घालतां घालतां 'शेजारीं कोण निजलें होतें?' एवढें सहज विचारावें. मग डोंगर, शेकोटी, करपलेली भाकरी, शेजारच्या मुलाचें रडणें आणि मग आपलेंहि रडणें, असें सर्व कांहीं हळूहळू बाहेर येतें. आणि आपण रडलों तरी झोंप लागली व सकाळ झाली, हें मूल आपल्याच तोंडानें सांगून टाकतें.